वाद्य आधी, त्याचं संगीत मागून : क्रेमोना, मांतोवा, व्हेनिस

व्हायोलिनचा आजचा आकार सोळाव्या शतकाच्या मध्यावर पक्का झाला. फक्त व्हायोलिनसाठी लिहिलेलं, त्याला पुढे बसवून बाकीच्यांना साथीला घेणारं संगीत मात्र त्यानंतर पन्नासएक वर्षांनी दिसू लागतं. म्हणजे वाद्य आधी आलं आणि त्याचं संगीत मागून. हा क्रम मला फार दिवस खुणावत होता. तो समजून घ्यायचा तर इटलीच्या उत्तरेला, पो नदीच्या सपाट खोऱ्यात जायला हवं. वाद्य घडवणारे हात तिथलेच, ते वाजवून घेणारे दरबार आणि चर्चही तिथलेच, आणि हे सगळं एकमेकांपासून फार लांब नाही. माझी मामेबहीण नोकरीसाठी मिलानला असते. तिला संगीताची खास ओढ नाही, पण इटालियन अस्खलित येतं. "तू नुसतं कुठे उतरायचं ते सांग गं, बाकी मी बघते," असं म्हणून ताई निघाली.

मिलानहून मांतोव्याला जाणारी साधी गाडी लोदी, कोदोन्यो करत तासाभराने क्रेमोनाला पोचते. दोन्ही बाजूंना सपाट शेतं आणि पॉपलरच्या रांगा. वाद्याला लागणारं लाकूड मात्र ह्या मैदानातलं नाही. समोरच्या पाटीचा स्प्रूस येतो आल्प्समधून, व्हाल दि फिएम्मे आणि पानेवेज्जोच्या रानातून. मागची पाटी आणि बाजूच्या पट्ट्या मेपलच्या, आणि उत्तम मेपल बाल्कन प्रदेशातून व्हेनिसमार्गे येई. क्रेमोना पोच्या काठावर, व्यापाराच्या वाटेवर वसलेलं. लाकूड बाहेरून यायचं, इथे घडायचं आणि वाद्य होऊन बाहेर जायचं.

स्टेशनापासून चालत मुख्य चौकात गेलो. कॅथीड्रल, आणि त्याला लागून तोरात्सो नावाचा विटांचा उंच मनोरा, सुमारे 112 मीटर. पाचशेवर पायऱ्या आहेत. वरून लाल कौलांचं गाव दिसतं आणि लांबवर पोची रेघ. गाव मोठं नाही. दीडशेहून अधिक व्हायोलिनचे कारखाने आज ह्या एवढ्याशा गावात आहेत. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, खिडकीत टांगलेली कोरी, रंग न दिलेली पांढुरकी वाद्यं, आणि आत बाकावर वाकलेला एक माणूस. 2012 साली युनेस्कोने ह्या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पहिलं नाव आंद्रेआ अमातीचं. 1530च्या दशकाच्या अखेरीस त्याने इथे कारखाना थाटल्याचे कागद आहेत. आता त्याच्या काळात व्हायोलिनची पत काय होती ते बघा. 1556 साली लिओं शहरात छापलेल्या एका पुस्तकात फिलिबेर जांब द फेर स्पष्ट लिहितो की व्हायोल वाजवतात सभ्य, सुखवस्तू लोक, वेळ घालवायला. व्हायोलिन मात्र नाचाला लागतं आणि पोटासाठी वाजवणारे सोडले तर त्याला फारसं कोणी हात लावत नाही. व्हायोल म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं, सहा तारांचं, पडदे असलेलं वाद्य. त्याचा आवाज मऊ, घरगुती. व्हायोलिनला पडदे नाहीत, तारा कमी, आवाज कडक आणि लांब जाणारा. ते उभ्याने, चालता चालताही वाजवता येई. लग्नाच्या वरातीला, मेजवानीला, नाचाला तेच सोयीचं. पुढे राजदरबारांनी उचललं तेही नाचासाठीच. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्ससाठी अमातीच्या कारखान्यात वाद्यांचा मोठा ताफा बनला, आणि त्यातलं 1566 सालचं एक व्हायोलिन आज क्रेमोनाच्या म्युझेओ देल व्हिओलिनोमध्ये आहे. चार्ल्सची आई कातेरीना दे मेदिची, तिच्या दरबारात नृत्याला केवढं महत्त्व होतं हे प्रसिद्धच आहे.

त्या काचेसमोर मी बराच वेळ उभी होते. पाठीवर राजचिन्हाची सोनेरी रंगीत नक्षी, आता बरीच पुसट झालेली. पण चकित करतो तो आकार. कंबरेचा खळगा, इंग्रजी एफ अक्षरासारख्या दोन खाचा, कडेने फिरलेली काळी-पांढरी-काळी बारीक रेघ, मानेच्या टोकाचा शंखासारखा वळसा. सगळं जागच्या जागी. साडेचारशे वर्षांत ह्या रूपरेषेत मुळापासून बदल करावा असं कोणाला वाटलं नाही. ती कडेची रेघ नुसती शोभेची नव्हे. कडेला चर खणून त्यात लाकडाच्या तीन पातळ पट्ट्या बसवतात. धक्का लागून कड तडकली तर भेग तिथेच अडते, पाटीत आत शिरत नाही.

हे म्युझियम 2013 साली सुरू झालं. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं दालन वाद्यांचं नाही, क्रेमोनाचा सगळ्यात नावाजलेला व्हायोलिनकार आंतोनिओ स्त्रादिवारी ह्याच्या अवजारांचं आहे. लाकडी साचे, कागदाचे नमुने, घोडीचे आराखडे, त्याच्या हाताच्या खुणा: सातशेहून जास्त वस्तू. साच्यांवर P, S, G, PG अशी अक्षरं त्याने स्वतः घातलेली. ह्या वस्तू वाचल्या कशा, ती कथाही मोठी आहे. स्त्रादिवारी 1737च्या डिसेंबरात गेला, नव्वदी ओलांडून. नंतर त्याच्या मुलाने, पाओलोने, हा सगळा पसारा 1775च्या सुमारास काउंट कोझिओ दि सालाबुए ह्या तरुण संग्राहकाला विकला. पुढे 1920 साली जुझेप्पे फिओरिनी नावाच्या व्हायोलिन घडवणाऱ्याने तो कोझिओच्या वारसांकडून विकत घेतला आणि 1930 साली क्रेमोना शहराला देऊन टाकला. त्या वेळी क्रेमोनात ही कला जवळजवळ संपलेली होती. 1938 साली इथे व्हायोलिन घडवण्याची शाळा निघाली आणि आज दिसणारे कारखाने त्या शाळेतून वाढले. म्हणजे ही अखंड, बापाकडून मुलाकडे आलेली परंपरा नव्हे. मधे खंड पडला होता आणि तो कष्टाने भरून काढला गेला. मला ही गोष्ट अखंड परंपरेपेक्षा जास्त थोर वाटते.

त्याआधीही एकदा धागा तुटता तुटता राहिला होता. 1630ची प्लेग. आंद्रेआचा मुलगा जिरोलामो त्या साथीत गेला, आणि गावात नावाजलेला असा एकच कारागीर उरला, जिरोलामोचा मुलगा निकोलो अमाती. तोवर विद्या घरातल्या घरात होती. निकोलोने बाहेरची मुलं शिकायला घेतली. त्यातला एक आंद्रेआ ग्वार्नेरी, ज्याच्या नातवाला आज जग ग्वार्नेरी देल जेझू म्हणून ओळखतं. स्त्रादिवारी प्रत्यक्ष निकोलोच्या हाताखाली होता का, ह्यावर अभ्यासकांत वाद आहे, पण त्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर अमाती घराण्याची छाप उघड दिसते. घरातलं ज्ञान घराबाहेर दिलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुपारी म्युझियमच्याच सभागृहात ऐकायला बसलो. इथे काही ठरावीक दिवशी संग्रहातलं एखादं वाद्य काचेतून काढून एकटा वादक वाजवतो. त्याचं तिकीट वेगळं, आधी काढून ठेवावं. सभागृह लाकडाचं, वळणावळणाचं, मंच मधोमध आणि श्रोते भोवती. ध्वनिरचना यासुहिसा तोयोता ह्यांची. त्या दिवशी स्त्रादिवारीचं 1715 सालचं 'इल क्रेमोनेसे' होतं. हेच व्हायोलिन एकोणिसाव्या शतकात नामवंत वादक योझेफ योआखिम वाजवत असे, आणि 1961 साली क्रेमोनाने ते परत आणलं. बाखचं एकल वादन झालं. पहिल्या स्वरापासून जाणवलं ते हे, की आवाज मोठा नाही, पण तो वाद्यापाशी थांबत नाही. मागच्या ओळीत बसूनही गजाचा केस तारेला टेकतो तो क्षण वेगळा ऐकू येत होता. खर्जाच्या तारेत खरखर नव्हती, एक भरीव काळसरपणा होता.

ह्या वाद्यांच्या आवाजाबद्दल दंतकथा पुष्कळ. हरवलेला रोगण, गुप्त रसायन वगैरे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्त्रादिवारीच्या पाच वाद्यांचा रोगण तपासला गेला, आणि त्यात निघालं साधं सुकणारं तेल, पाइनची राळ आणि रंगद्रव्यं. त्या काळच्या चित्रकारांकडेही हेच सामान असे. नंतर नामांकित वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे देऊन जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली गेली, तेव्हा बऱ्याच जणांनी नवी पसंत केली. हे वाचून काही लोकांना वाईट वाटतं. मला तर ह्यातून आजच्या कारागिरांबद्दलचा आदर वाढला.

त्यातल्या एका कारखान्यात आम्ही संध्याकाळ घालवली. पन्नाशीच्या एक बाई, आशियातून विशीत इथे शिकायला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. ताई इटालियनमध्ये विचारत होती, मला जमेल तिथे मी इंग्रजीत. त्यांनी मेपलची मिलिमीटरभर जाडीची पट्टी पाण्यात भिजवून तापलेल्या लोखंडावर दाबत वाकवून दाखवली. वाकवलेल्या पट्ट्या आतल्या साच्याभोवती ठोकळ्यांना सरसाने चिकटवायच्या. सरसही जनावरांच्या कातड्याचाच, आजसुद्धा. "दुसरं काही पक्कं चिकटत नाही का?" असं ताईने विचारलं. त्या म्हणाल्या, पक्कं चिकटायलाच नको. वाद्य कधीतरी उघडावं लागणार, दुरुस्त करावं लागणार. पातळ सुरी आणि थोडं गरम पाणी लावलं की हा सांधा लाकूड न फाटता सुटतो. म्हणजे वाद्य घडवतानाच ते पुढे कोणीतरी उघडणार आहे हे धरून चालायचं.

आणि ती सगळी खरोखरच उघडली गेली आहेत. हे मला ह्या प्रवासात कळलेलं सगळ्यात महत्त्वाचं. स्त्रादिवारीच्या वेळची मान आखूड होती, जवळजवळ सरळ बसवलेली आणि आतून लोखंडी खिळ्यांनी ठोकलेली. तारा तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्याच्या. 1800च्या आसपास सभागृहं मोठी झाली, सूर चढा लागू लागला, तेव्हा जवळपास प्रत्येक जुन्या व्हायोलिनची मान बदलली गेली. नवी मान लांब आणि मागे कललेली. टोकाचा मूळ वळसा तेवढा कापून नव्या मानेला सांधला. आतली आधाराची पट्टी जाड केली. हनुवटीचा टेका 1820च्या सुमारास आला, सर्वांत वरची पोलादी तार तर विसाव्या शतकातली. फ्रान्स्वा तुर्तने अठराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेला, ब्राझीलच्या लाकडाचा, आत वाकलेला गज हाती आला आणि वादनाची पद्धतच बदलली. काचेतलं 'इल क्रेमोनेसे' पाहताना आपल्याला वाटतं की आपण 1715 पाहतोय. पाटी, कड, रोगण 1715चे आहेत. पण ऐकू येतो तो आवाज पुढच्या तीन शतकांतल्या पुष्कळ अनाम दुरुस्ती करणाऱ्यांचाही आहे. मूळ मान जशीच्या तशी राहिलेलं स्त्रादिवारीचं वाद्य फार दुर्मीळ. 1690 साली मेदिची घराण्यासाठी केलेला एक मोठा टेनर व्हायोला (व्हायोलिनच्याच कुळातलं, त्याहून खालच्या सुरांचं वाद्य) फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहात आहे, तो त्यातला.

उलट दिशेनेही असंच घडलं होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तातीवर बारीक धातूची तार गुंडाळायची युक्ती इटलीत रूढ झाली. त्याआधी खोल खर्ज हवा तर तार लांब हवी, म्हणून चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातली खर्जाची वाद्यं, अवाढव्य असत. गुंडाळलेली तार आखूड असूनही जड, म्हणून तोच खर्ज छोट्या वाद्यात मिळू लागला. 1707नंतर स्त्रादिवारीने चेलोचा लहान, आटोपशीर साचा वापरायला घेतला. त्याला 'फॉर्मा बी' म्हणतात आणि तो नमुना म्युझियममध्ये आहे. चेलोला एकट्याने वाजवता येण्याजोगी चपळाई त्यातून आली. तारेतली एक सुधारणा, आणि तिच्या मागून अख्खं वाद्य बदललं.

मी त्या बाईंना सांगितलं की आमच्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात, वळशाचं टोक पायावर टेकवून, आणि तारा षड्ज-पंचमाच्या हिशेबात जुळवतात. गजाननबुवा जोशींचं वादन फोनवर लावलं. गजाननबुवा मुळात गवई, त्यामुळे त्यांचा गज श्वासासारखा चालतो, स्वरामागून स्वर मींडेने ओढला जातो. बाईंनी काम थांबवून पूर्ण ऐकलं. मग विचारलं, मान हनुवटीत धरायची नसेल तर डावा हात इतका मोकळा सरकतो का? हो, आधाराला पाय असतो म्हणूनच सरकतो. ताईने तेवढ्यात मिरजेच्या तंबोऱ्याचा फोटो दाखवला, तिच्या आईच्या घरचा. त्यावर बाईंचे प्रश्न संपेनात. भोपळा किती दिवस वाळवता, किड लागते का, आतून काही लावता का? आम्हाला अर्धीच उत्तरं येत होती, उरलेली मिरजेला विचारून कळवायचं कबूल केलं.

क्रेमोना सोडण्यापूर्वी एक जोड तारखांची. 1566 सालचं ते व्हायोलिन. आणि 15 मे 1567 रोजी ह्याच गावात बाप्तिस्मा झालेला क्लाउदिओ मोंतेव्हेर्दी, पुढे मोठा संगीतरचनाकार झालेला. त्याचे वडील औषधविक्रेते आणि वैदू. त्या काळी औषधांच्या दुकानातच राळ, तेलं आणि रंगद्रव्यं मिळत. मोंतेव्हेर्दींच्या दुकानातून अमातींनी काही नेलं असं दाखवणारा कागद नाही. पण एकाच लहान गावात, एकाच पिढीत ते वाद्य आणि हा रचनाकार वाढले. कॅथीड्रलचा संगीतप्रमुख इन्जेन्येरी ह्याच्याकडे क्लाउदिओ शिकला, पंधराव्या वर्षी त्याचं पहिलं पुस्तक छापून आलं, आणि विशीत तो मांतोव्याच्या गोन्झागा दरबारात नोकरीला लागला. गायक किंवा रचनाकार म्हणून नव्हे, तंतुवाद्य वाजवणारा म्हणून.

आम्हीही त्याच गाडीने पुढे मांतोव्याला गेलो. तीन बाजूंनी तळी असलेलं गाव. गोन्झागांचा राजवाडा म्हणजे एक वसाहतच आहे, पाचशेवर खोल्या. मांतेन्याने रंगवलेली खोली पाहायला सगळे येतात, आम्हीही पाहिली. मला मात्र ओढ होती 24 फेब्रुवारी 1607ची. त्या दिवशी ह्या राजवाड्यात मोंतेव्हेर्दीचा 'ऑर्फेओ' हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर करायचं नाटक, पहिल्यांदा झाला, कार्निव्हलच्या दिवसांत, निवडक निमंत्रितांसमोर. ऑर्फेओ म्हणजे ग्रीक दंतकथेतला, मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात उतरणारा गायक. नेमकं कोणतं दालन, ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गाऊन नाटक सादर करण्याचा प्रयोग त्याआधी फ्लॉरेन्समध्ये झालेला होता. 1600 साली मेदिची लग्नात पेरीचं 'एउरिदीचे' झालंच होतं. पण 'ऑर्फेओ'त वाद्यांना जे स्थान मिळालं ते नवं होतं.

1609 साली व्हेनिसला छापलेल्या प्रतीच्या सुरुवातीला वाद्यांची यादीच दिली आहे. दोन हार्पसिकॉर्ड, दोन लाकडी नळ्यांचे ऑर्गन, एक रीगल म्हणजे किरकिऱ्या पितळी पात्यांचा छोटा ऑर्गन, दुहेरी हार्प, लांब मानेचे, तारा छेडून वाजवायचे कितारोने, दहा हातात धरायची तंतुवाद्यं, दोन लहान फ्रेंच पद्धतीची व्हायोलिनं, तीन गाम्बा (म्हणजे गुडघ्यांत धरायच्या व्हायोलच), चार ट्रॉम्बोन, दोन कॉर्नेटो (लाकडी फुंकवाद्यं), बासरी, तुताऱ्या. आणि कुठे काय वाजवायचं ह्याच्या सूचना. पाताळात उतरल्यावर तंतुवाद्यं गप्प होतात आणि ट्रॉम्बोन, कॉर्नेटो, रीगल पुढे येतात. नावाडी खारोन गातो तो रीगलच्या साथीवर. ऑर्फेओ त्याला विनवतो त्या मोठ्या गाण्यात कडव्याकडव्याला साथ बदलते: आधी दोन व्हायोलिनं, मग दोन कॉर्नेटो, मग हार्प. जणू तो एकेक वाद्य पुढे करून मृत्यूचं मन वळवू पाहतोय. वाद्याच्या नादाचा असा अर्थासाठी, प्रसंगासाठी वापर इतक्या विचाराने लिहून ठेवलेला त्याआधी फारसा सापडत नाही.

सुरुवातीची सूचनाही वाचण्यासारखी आहे: पडदा वर जाण्याआधी सगळ्या वाद्यांनी तोकाता, म्हणजे सुरुवातीची छोटी वाद्यरचना, तीनदा वाजवावी. तिसरी घंटा झाल्यावर उजळणाऱ्या मराठी रंगभूमीवर वाढलेल्या कोणालाही ह्यात आपलं काहीतरी सापडेल. नंतर 'संगीत' हे पात्र स्वतः येऊन प्रस्तावना गातं.

मांतोव्यात आणखी एक माणूस होता, ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही: सालामोने रॉस्सी. ज्यू व्हायोलिनवादक आणि रचनाकार, ह्याच दरबारात. ज्यूंना अंगावर पिवळी खूण लावून फिरावं लागे. 1606 साली ड्यूकने त्याला त्यातून सूट दिली. आणि 1607 साली, म्हणजे 'ऑर्फेओ'च्याच वर्षी, त्याने वाद्यसंगीताचं पुस्तक छापलं. वरच्या दोन ओळी व्हायोलिनसारख्या वाद्यांना, खाली कितारोनेचा आधार. दोन आवाज एकमेकांना उत्तर देत, एकमेकांच्या वर चढत जातात आणि तळाशी खर्ज चालत राहतो. पुढे शंभर-दीडशे वर्षं युरोपभर गाजलेल्या त्रयी सोनाटाची, म्हणजे अशा तीन ओळींच्या वाद्यरचनेची, ही पहिली पावलं. नाचाच्या मागे उभं राहणारं वाद्य इथे स्वतः बोलायला लागलं. 1630 साली शाही फौजांनी मांतोवा लुटलं, ज्यू वस्तीची वाताहत झाली, आणि त्या सुमारानंतर रॉस्सीचा माग लागत नाही. जुन्या ज्यू वस्तीच्या गल्ल्यांतून फिरताना मी त्याचीच रचना कानाला लावली होती.

मोंतेव्हेर्दीला 1612 साली नव्या ड्यूकने कामावरून काढलं. वर्षभराने व्हेनिसच्या सान मार्को चर्चने त्याला संगीतप्रमुख नेमलं. सामान घेऊन जाताना वाटेत दरोडेखोरांनी त्याला लुटलं, ह्याचं त्याने स्वतः लिहिलेलं पत्र आहे. आम्ही गाडी बदलून त्याच दिशेने गेलो.

सान मार्कोत पर्यटकांची रांग मोझेक पाहत पुढे सरकते. मान वळवून वेदीच्या दोन्ही अंगांना असलेले ऑर्गनचे सज्जे जरूर पाहावेत. समोरासमोर दोन ताफे बसवून वाजवण्याची रीत इथे मुरलेली होती. जोव्हान्नी गाब्रिएलीने 1597 साली छापलेल्या एका सोनाटात एका ताफ्यात वर कॉर्नेटो आणि खाली तीन ट्रॉम्बोन, दुसऱ्यात वर 'व्हिओलिनो' आणि खाली तीन ट्रॉम्बोन. हळू कुठे आणि जोरात कुठे हेही लिहिलेलं. तो 'व्हिओलिनो' इतका खाली उतरतो की आज ती ओळ व्हायोलावर वाजवतात.

इथेच 1624 साली जिरोलामो मोचेनिगो ह्या उमरावाच्या घरी मोंतेव्हेर्दीने तांक्रेदी आणि क्लोरिंदा ह्यांच्या द्वंद्वाची रचना सादर केली. युद्धाचा आवेग दाखवायला त्याने तंतुवाद्यवाल्यांना एकच स्वर एका मात्रेत सोळा वेळा झपाझप वाजवायला सांगितला. दुसऱ्या एका ठिकाणी गज बाजूला ठेवून दोन बोटांनी तारा छेडायला सांगितल्या. 1638च्या प्रस्तावनेत तो लिहितो की सुरुवातीला वादकांना, विशेषतः खर्ज वाजवणाऱ्यांना, हा प्रकार हास्यास्पद वाटला आणि ते मात्रेत एकदाच वाजवू लागले. आज चित्रपटात तणावाचा प्रसंग आला की व्हायोलिनांची जी थरथर सुरू होते तिचा लेखी उगम हा.

1637 साली सान कासिआनो भागात पैसे देऊन कोणालाही जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं. 1812 साली ते पाडलं गेलं. मी ती जागा पाहायचा हट्ट धरला, ताई मुकाट्याने पूल ओलांडत आली. आता तिथे नाट्यगृहाची खूण उरलेली नाही. पण वाद्यांचं पुढचं भवितव्य ठरलं ते इथे. राजा खर्च करायचा तेव्हा चार ट्रॉम्बोन, दुहेरी हार्प आणि रीगल परवडत. तिकिटावर चालणाऱ्या धंद्यात ते जमेना. मोंतेव्हेर्दीच्या शेवटच्या ऑपेराची, 'पोप्पेआ'ची, जी हस्तलिखित प्रत व्हेनिसच्या मार्चिआना ग्रंथालयात आहे, तिच्यात वाद्यांसाठी तीनच ओळी दिसतात. थोडी व्हायोलिनं, खर्ज, हार्पसिकॉर्ड, कितारोने, एवढ्यावर प्रयोग होई. कमी माणसांत जास्तीत जास्त भाव दाखवू शकणारं वाद्य टिकलं. निकोलो अमाती क्रेमोनात बाहेरची मुलं शिकायला घेत होता तो काळही हाच.

कॉर्नेटो मात्र गेला. लाकडाची किंचित वाकडी नळी, वर काळं चामडं, बासरीसारखी भोकं आणि फुंकायला तुतारीसारखी छोटी वाटी. त्या काळी मानवी आवाजाच्या सगळ्यात जवळचं वाद्य म्हणून त्याची ख्याती होती. व्हायोलिनने त्याची जागा घेतली आणि पुढे त्याची विद्याच लोपली. विसाव्या शतकात जुनी पुस्तकं वाचून आणि संग्रहातल्या वाद्यांची मापं घेऊन लोकांनी ती पुन्हा उभी केली. व्हेनिसमधल्या शेवटच्या संध्याकाळी एका लहान चर्चमध्ये गाब्रिएलीच्या रचनांचा कार्यक्रम होता, त्यात एका तरुण मुलीच्या हाती कॉर्नेटो होता. तिच्या ताना ऐकताना मला कळेना की श्वास कुठे संपतो आणि स्वर कुठे सुरू होतो. कार्यक्रमानंतर ताईने पुढे होऊन तिला गाठलं. ती बाझेलच्या स्कोला कान्तोरुममध्ये शिकलेली. तिचं वाद्य नवं होतं, पण वेरोनाच्या अकादेमिया फिलार्मोनिकाच्या संग्रहातल्या एका जुन्या कॉर्नेटोवरून हुबेहूब कोरलेलं. ती अकादेमिया 1543 साली स्थापन झालेली, आणि तिच्याकडे त्या काळच्या फुंकवाद्यांचा मोठा ठेवा आहे. आमची मिलानची परतीची गाडी वेरोनावरूनच जाणार होती. ताईने मला न विचारताच तिथे उतरायचं तिकीट काढलं आणि संग्रह पाहायची परवानगी मागणारं पत्र रात्रीच पाठवून दिलं.